हात जोराचा आहे, आता वही आणा

दादर ज्वारी हुरड्यावर आली की आपल्याकडे शेतात माळे उभे राहतात. माळ्यावर एखादं पोरगं, शेजारी नाल्यातून वेचून आणलेल्या गोट्यांचा ढीग आणि हातात गोफण. थवा उतरला की गोफण फिरते, दोर सुटतो आणि चार शेतं पलीकडे दगड पडल्याचा आवाज येतो. धडगाव असो की तळोदा, प्रत्येक गावात असा एक तरी पोऱ्या असतो ज्याचा दगड इतरांपेक्षा लांब जातो. शाळेत टेनिस बॉलची मॅच लागली की तोच पहिली ओव्हर टाकतो. मग कुणीतरी त्याला क्रीडाशिक्षकासमोर उभं करतं आणि म्हणतं, "सर, याचा हात बघा."

वीसेक वर्षं मी हे वाक्य ऐकतो आहे. हात बघायला दोन मिनिटं पुरतात. पुढची पाच-सहा वर्षं काय करायचं हे मात्र घरच्यांना ठाऊक नसतं आणि खरं सांगायचं तर शिक्षकांनाही पुष्कळदा ठाऊक नसतं. हा लेख त्या पाच-सहा वर्षांसाठी आहे. मुलगा क्रिकेटकडे जावो, बेसबॉलकडे जावो, मुलगी सॉफ्टबॉलची पिचर होवो. फेकणाऱ्या हाताचे नियम बरेचसे सारखेच असतात.

नुसत्या हाताच्या जोरावर निवड झाल्याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण आपल्याच देशातलं आहे. 2008 मध्ये जे. बी. बर्नस्टीन नावाच्या अमेरिकन क्रीडा एजंटने भारतात 'मिलियन डॉलर आर्म' ही स्पर्धा भरवली. बेसबॉल माहीत नसलेल्या पोरांनी फक्त जोरात आणि नेमका चेंडू फेकून दाखवायचा होता. उत्तर प्रदेशातले रिंकू सिंह आणि दिनेश पटेल निवडले गेले. दोघेही भालाफेकीतून आलेले. रिंकूचा बाप ट्रक ड्रायव्हर. त्याचा चेंडू ताशी 87 मैलांनी, म्हणजे 140 किलोमीटरच्या वेगाने गेला. अमेरिकेत टॉम हाऊस या नामांकित प्रशिक्षकाकडे काही महिने घालवल्यावर दोघांनाही पिट्सबर्ग पायरेट्स संघाने नोव्हेंबर 2008 मध्ये करारबद्ध केलं. यावर 2014 मध्ये सिनेमा निघाला, तो तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल.

सिनेमा निवडीपाशी थांबतो. आपल्या कामाचा भाग तिथून पुढे सुरू होतो. दिनेशला संघाने 2010 मध्ये सोडून दिलं. रिंकू टिकला. बेसबॉलमध्ये पिचरचा एक आकडा बघतात: नऊ डावांमागे त्याच्या खात्यावर सरासरी किती धावा लागल्या. आकडा जितका कमी तितका पिचर चांगला. पहिल्या वर्षी, 2009 मध्ये, सगळ्यात खालच्या पातळीवरच्या लीगमध्ये रिंकूचा आकडा 5.84 होता. 2012 मध्ये त्याच्या वरच्या पातळीवर तो 3.00 वर आला. म्हणजे समोरचे फलंदाज तगडे झाले आणि त्याच्या खात्यावरच्या धावा जवळपास निम्म्या झाल्या. हात तोच होता. शिकलेलं होतं ते बाकीचं. पुढच्या वर्षी त्याच्या कोपराचं ऑपरेशन झालं आणि मुख्य लीगपर्यंत तो पोचला नाही. 2018 मध्ये तो व्यावसायिक कुस्तीत गेला. मुलांना ही गोष्ट सांगताना मी शेवट गाळत नाही. कोपर हा विषय पुढे येणारच आहे.

जोराचा हात भरवशाचा व्हायला हवा. आता 'भरवशाचा' म्हणजे कोण ते बघू. अमेरिकेच्या व्यावसायिक बेसबॉलमध्ये संघाकडे साधारण पाच 'स्टार्टर' असतात. सामन्याची सुरुवात यांनी करायची, सत्तर-ऐंशी ते शंभरच्या आसपास चेंडू टाकायचे आणि मग चार दिवस विश्रांती घेऊन पाचव्या दिवशी पुन्हा उभं राहायचं. एका सामन्यात कमाल करणारे पिचर पुष्कळ निघतात. दर पाचव्या दिवशी, एप्रिल ते सप्टेंबर, हात दुखत नाही अशा अवस्थेत हजर राहणारे थोडे. क्रिकेटमध्ये कर्णधार नवा चेंडू कोणाच्या हातात देतो हे बघा, तोच प्रकार आहे.

तर पहिली परीक्षा वेगाची घेऊ नका. कडुनिंबाला मोटारसायकलचं जुनं टायर छातीच्या उंचीवर बांधा. बेसबॉलचा पिचर 18.44 मीटरवरून चेंडू टाकतो, सॉफ्टबॉलची मुलगी सुमारे 13 मीटरवरून, हात खालून फिरवून. क्रिकेटवाल्याने टायर आडवं जमिनीवर ठेवायचं, जिथे टप्पा पडायला हवा तिथे. वीस चेंडू टाकायला सांगा आणि किती टायरात गेले ते लिहा. पहिल्या दिवशी वीसात चार गेले तरी पाठ थोपटा. पण त्यातले पहिल्या दहात किती आणि शेवटच्या दहात किती, हे वेगळं लिहा. शेवटच्या दहात आकडा घसरला तर पोऱ्याचा नेम चांगला आहे, पाय दमतात. बहुतेकांचं हेच असतं.

हो, पाय. आपल्याकडे गैरसमज असा की चेंडू खांद्याने फेकतात. टाकणाऱ्याला बाजूने मोबाईलवर चित्रित करा आणि सावकाश चालवून बघा. पुढचा पाय जमिनीला टेकतो, कंबर आधी वळते, छाती नंतर, खांदा त्याच्याही नंतर आणि हात सगळ्यात शेवटी येतो. गोफणीत दोर जसा मागून येतो तसा. गोफण फिरवणाऱ्या पोराला हे शब्दांत सांगावं लागत नाही, त्याला गोफण आठव म्हटलं की कळतं. जिथे हात घाई करून कंबरेच्या आधी निघतो तिथे कोपरावर भार येतो. तसंच पुढचा पाय दर वेळी कुठे पडतो ते तपासा. जमिनीवर चुन्याने एक रेघ मारा. दहा चेंडूंत पाय रेघेच्या दोन्ही बाजूंना वीतभर इकडेतिकडे पडत असेल, तर चेंडू एका जागी पडेल ही आशा सोडा. आधी पाय एका जागी आणा. यात दोन-तीन महिने जातात आणि पोरं कंटाळतात, कारण त्यांना दांडी उडवायची असते. कंटाळू द्या.

जागेबद्दल जाता जाता एक. उन्हाळ्यात शहराबाहेरच्या मिरचीच्या पथाऱ्या रिकाम्या असतात, जमीन टणक आणि सपाट, सरावाला झकास. हंगामात मात्र तिकडे फिरकू नका. मी एकदा हौसेने पोरं नेली, अर्ध्या तासात सगळी टीम ठसकत बसली होती.

आता वही. दोन रुपये जास्त देऊन चांगली, आडव्या रेघांची घ्या. रोज किती चेंडू पूर्ण जोराने टाकले, ते तारखेसह लिहायचं. सरावाचे वेगळे, सामन्याचे वेगळे, आणि संध्याकाळी गल्लीत खेळलेले सुद्धा, कारण कोपराला गल्ली आणि मैदान वेगळं कळत नाही.

किती टाकावेत याला आधार आहे. अमेरिकेतल्या बेसबॉल संघटनांनी डॉक्टरांच्या मदतीने वयानुसार मर्यादा आखल्या आहेत. 11-12 वर्षांच्या मुलाने दिवसात जास्तीत जास्त 85 चेंडू, 13 ते 16 वर्षांच्या मुलाने 95. विश्रांतीचे दिवसही बांधलेले आहेत: 15-16 वर्षांच्या मुलाने 30 पर्यंत टाकले तर दुसऱ्या दिवशी टाकायला हरकत नाही, 31 ते 45 टाकले तर एक दिवस सुट्टी, 46 ते 60 ला दोन, 61 ते 75 ला तीन आणि 76 च्या पुढे चार दिवस. 14 वर्षांपर्यंतच्या मुलांना याहून कमी आकड्यांवर तेवढीच सुट्टी. शिवाय वर्षातले किमान चार महिने हाताने फेकणंच बंद, त्यातले दोन-तीन महिने सलग. आणि एकाच सामन्यात पिचरला कॅचर करायचं नाही, कारण कॅचरही दर चेंडू परत फेकतोच. इंग्लंडच्या क्रिकेट मंडळाने 14-15 वर्षांच्या वेगवान गोलंदाजाला एका दमात 6 आणि दिवसभरात 12 षटकं अशी मर्यादा घातली होती. क्रिकेटमध्ये कोपरापेक्षा कंबरेच्या मणक्यांना धोका जास्त, वाढत्या वयात तिथे बारीक तडा जातो आणि वर्ष वाया जातं.

हे आकडे मला आधी माहीत नव्हते असं म्हणून मी सुटत नाही. एका तालुका स्पर्धेत माझा मुलगा (विद्यार्थी म्हणतो आहे, पण माझाच) सकाळी उपांत्य सामन्यात पूर्ण डाव टाकून आला आणि दुपारी अंतिम सामन्यात मी त्याच्याच हातात चेंडू दिला. त्याने मान हलवली, काही बोलला नाही. आपल्याकडची पोरं 'नाही' म्हणत नाहीत, सरांना तर नाहीच. चषक आला. आठवड्याने तो डावा हात वापरून पाण्याचा हंडा उचलताना दिसला. उजवा कोपर पूर्ण सरळ होत नव्हता. पुढचा हंगाम त्याने स्कोअर लिहिण्यात काढला, त्याच्या पुढचा तो आलाच नाही. तो चषक शाळेच्या कपाटात आहे.

म्हणून दुखण्याची भाषा शिका. खांद्याच्या मागच्या बाजूला, पाठीत, मांडीत दुसऱ्या दिवशी जडपणा येतो तो चालतो. दोन दिवसांत जातो. कोपराच्या आतल्या बाजूला, जिथे हाड टोचतं तिथे दाबल्यावर दुखलं, चेंडू सोडताना टोचलं, बोटांना मुंग्या आल्या, किंवा हात पूर्ण सरळ होत नसेल, तर त्याच दिवशी थांबायचं. बाम लावून, पट्टी बांधून पुढचा सामना खेळायचा नाही. दुखणं गेल्यावरही आठवडाभर थांबा, नाहीच गेलं तर हाडांच्या डॉक्टरकडे न्या. तिथला अस्थिबंध तुटला तर पुढे बहुतेकदा एक मोठं ऑपरेशन लागतं. ते पहिल्यांदा 1974 मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या पिचरवर केलं, म्हणून त्याला त्याचंच नाव पडलं. जॉनने कारकिर्दीत 288 सामने जिंकले, त्यातले 164 ऑपरेशननंतर. पण मैदानावर परतायला वर्ष-दीड वर्ष लागतं, आणि आपल्या जिल्ह्यातल्या शेतकऱ्याच्या घरात ते वर्ष कुठून आणायचं?

आपल्या जिल्ह्यासाठी एक गोष्ट ठासून सांगतो, कारण बाहेरच्या प्रशिक्षकांच्या पुस्तकात ती सापडत नाही. सराव वाढवण्याआधी मुलाची सिकलसेलची तपासणी करून घ्या. सरकारी दवाखान्यात ती मोफत होते. आपल्या आदिवासी समाजात हा आजार पुष्कळ आहे हे नवीन नाही. ज्याला आजार आहे त्याचा सराव डॉक्टरांना विचारूनच ठरवायचा. ज्याच्यात फक्त वाहक गुण आहे तो खेळू शकतो, पण उन्हात, पाणी न पिता, दमलेल्या अवस्थेत त्याला मैदानाला फेऱ्या मारायला लावणं जिवावर बेतू शकतं. अमेरिकेत वरच्या गटातल्या कॉलेज खेळाडूंची ही तपासणी 2010 पासून सुरू झाली, ती अशाच मृत्यूंनंतर. धाप लागून बसलेल्या पोराला 'नाटक करतो' म्हणण्याआधी त्याची चिठ्ठी बघा.

खाण्यावर फार बोलत नाही. डब्यातली भाकरी, डाळ, शेंगदाणे, जमेल तेव्हा अंडी, हे पुरेसं आहे. पावडरच्या डब्यावर पैसे घालवू नका.

साधारण सोळा-सतराव्या वर्षी वेळ येते दुसऱ्या चेंडूची. तोवर जोराचा चेंडू आणि नेम, एवढंच. आधीच हाताला पीळ द्यायला शिकवलं तर नेम बसत नाही आणि कोपर बिघडतो. दुसरा चेंडू म्हणजे त्याच हाताच्या त्याच वेगाने येणारा, पण हळू निघणारा. क्रिकेटमधला 'नकल बॉल' मूळ बेसबॉलचाच. चेंडू बोटांच्या पेरांनी किंवा नखांनी धरायचा म्हणजे तो फिरत नाही आणि डुलत जातो. 2011 च्या विश्वचषकात झहीर खानने तो काढला आणि अहमदाबादच्या उपांत्यपूर्व सामन्यात ऑस्ट्रेलियाच्या माइक हसीची दांडी उडवली. तो चेंडू टाकणारा झहीर 32 वर्षांचा होता.

बेसबॉलमध्ये याच चेंडूवर एका माणसाची सबंध कारकीर्द उभी राहिली. आर. ए. डिकीला 1996 मध्ये टेक्सास रेंजर्सनी पहिल्याच फेरीत निवडलं. वैद्यकीय तपासणीत कळलं की त्याच्या कोपरात तो अस्थिबंधच नाही. 8 लाख 10 हजार डॉलरचा देकार 75 हजारांवर आला. पुढची दहा वर्षं तो वर-खाली करत राहिला, मग नकल बॉल शिकला, तोही चुकत चुकत. 2012 मध्ये, 37 व्या वर्षी, त्याने 20 सामने जिंकले आणि वर्षातल्या सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार घेतला. सोळा वर्षांनी.

झहीरकडे परत येऊ, कारण तो आपल्या मातीतला आहे आणि त्याची वाट पोरांना समजते. श्रीरामपूरचा मुलगा, सतराव्या वर्षी मुंबईला गेला, नॅशनल क्रिकेट क्लबमध्ये सुधीर नाईक यांच्याकडे घडला, मग चेन्नईच्या एमआरएफ पेस फाउंडेशनमध्ये डेनिस लिली यांच्या नजरेखाली. मुंबईच्या रणजी संघात जागा मिळाली नाही म्हणून बडोद्याकडून खेळला. 2000 मध्ये भारतीय संघात. हे सगळं निवडीचं. पण 2005 च्या सुमारास दुखापती आणि हरवलेली लय यामुळे तो संघाबाहेर गेला, आणि तेव्हा त्याने केलेलं काम शिकण्यासारखं आहे. 2006 च्या उन्हाळ्यात तो इंग्लंडला वूस्टरशायरकडून कौंटी खेळायला गेला. रन-अप आखूड केला. आठवड्यामागून आठवडे लांबलचक षटकं टाकली आणि हंगामात 78 विकेट घेतल्या. वर्षाअखेर तो पुन्हा भारतीय संघात आला, 2007 मध्ये ट्रेंट ब्रिजला 9 विकेट घेऊन कसोटी जिंकून दिली आणि 311 कसोटी विकेटवर थांबला. वगळलं गेल्यावर त्याने वेग वाढवला नाही, धावण्याची पावलं कमी केली.

दुसरा आपल्या शेजारचा. अक्कलकुव्याहून अंकलेश्वरकडे जाणारा रस्ता ज्या भरूच जिल्ह्यात उतरतो, तिथल्या इखर गावचा मुनाफ पटेल. तो टाइल्सच्या कारखान्यात मजुरी करायचा. आला तेव्हा देशातल्या सगळ्यात वेगवान गोलंदाजांत त्याचं नाव घेत होते. 2006 मध्ये मोहालीत इंग्लंडविरुद्ध पहिल्याच कसोटीत 7 विकेट. नंतर शरीराने साथ दिली नाही, वेग उतरला. लोक हसले. मुनाफने टप्पा आणि दिशा धरली आणि 2011 च्या विश्वविजेत्या संघात 11 विकेट घेतल्या. मधली काही वर्षं तो रणजीत महाराष्ट्राकडून खेळला होता, हे आपल्या पोरांना आवर्जून सांगा. त्यांना वाटतं बातम्यांतली माणसं दुसऱ्या ग्रहावरून येतात.

वाट कुठून जाते ते थोडक्यात. शालेय क्रीडा स्पर्धांत क्रिकेटबरोबर सॉफ्टबॉल आणि बेसबॉलही आहेत. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशी चढण. जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात वेळेवर नोंद करणं हे शाळेचं काम, पण मागे लागणं पालकांचं. क्रिकेटसाठी गर्दी प्रचंड आहे. सॉफ्टबॉल-बेसबॉलला कमी, आणि खानदेशात सॉफ्टबॉल मनापासून खेळतात, म्हणून जोराचा हात असलेल्या मुलीला मी आधी तिकडे पाठवतो. कॉलेजात गेल्यावर जळगावच्या विद्यापीठाच्या संघाची निवड चाचणी असते. प्रत्येक प्रमाणपत्राच्या दोन झेरॉक्स काढून मूळ प्रत पिशवीत ठेवा. शासकीय नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे आणि तिथे कागदाची पडताळणी कसून होते. जन्मतारीख खरी लावा. वर्षभर लहान दाखवून मिळवलेलं पदक पुढे गळ्यात अडकतं.

राहिली ऊसतोड. दिवाळीनंतर आपली निम्मी गावं गुजरातकडे निघतात. मुलगा आईबापाबरोबर गेला की तीन-चार महिने सराव बुडाला असं मी समजायचो, आणि तो परतला की राहिलेला सराव भरून काढायला त्याच्याकडून दामटून चेंडू टाकून घ्यायचो. दोन वर्षांपूर्वी नववीतला एक पोऱ्या फेब्रुवारीत परत आला आणि वही पुढे केली. चेंडूंचा रकाना रिकामा होता, पण तारखा सगळ्या होत्या, आणि प्रत्येक तारखेसमोर एक आकडा: 30, 42, 38. मी विचारलं, हे काय? म्हणाला, "मोळ्या, सर. उजव्या हातानं उचललेल्या."

त्याला मी तीन आठवडे चेंडू दिला नाही. आणि तेव्हापासून सगळ्यांच्या वहीत तिसरा रकाना आखून देतो: कोयता, मोळ्या, गोफण.